एका नारळावर दोन नावं

बाबी, तुला नेलं तेव्हा ओहोटी लागली होती आणि पुळणीवर पोरांचा फुटबॉल चालला होता. आपली वाट त्यांच्या गोलामागूनच जाते. कोणीतरी त्यांना हटकलं तसे सगळे उभे राहिले, पण बॉल लाटेबरोबर आत चालला होता म्हणून दोघे त्याच्यामागे धावलेच. मला राग आला, अगदी वर्गात येतो तसा. मग वाटलं, तू असतास तर खेळ थांबवला म्हणून आम्हालाच ओरडला असतास. ती सगळी पोरं बॉलमागे एका कोपऱ्यात गोळा झाली होती आणि मैदानाची मधली जागा मोकळी पडली होती. "अरे, मधी कोण आसा?" असं तू काठी आपटत विचारायचास. मधे कोणीच नव्हतं.

परवा तुझं तेरावं झालं. जेवायला बसलेले सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. बाबीने किती मुलूख पाहिले, बाबीने कधी कोणाला दुखवलं नाही, पायाचं दुखणं किती मुकाट्याने सोसलं, असं बरंच काही. दुर्वालचं नाव कोणी काढलं नाही. त्यांनी का काढावं? मालवणच्या या किनाऱ्यावर ब्राझीलच्या त्या हाफला, मैदानाच्या मधे खेळणाऱ्या गड्याला, खरं ओळखणारी माणसं तीनच. तू, तुझी आई, म्हणजे माझी काकी, आणि मी. काकी गेली, तू गेलास, आणि उरलो मी, ज्याने त्याला एकदाही पाहिलेलं नाही.

मी भांडून भांडून त्याला ओळखायला लागलो, हे तुला कबूल करायचं राहिलंच.

आपण दोघं एकाच पुळणीवर अनवाणी खेळलो. मी गोलात, कारण मला धावायचा कंटाळा, आणि तू मधे. तू चौथी करून होडीवर गेलास, मग मुंबईला, मग गोऱ्यांच्या मालवाहू बोटीवर खलाशी झालास. मी ट्रेनिंग कॉलेज करून मास्तर झालो आणि पोरांना भूगोल शिकवायला लागलो. नकाशावर छडी ठेवून मी ज्या बंदरांची नावं घ्यायचो तिथून तुझी पत्रं यायची. ती पत्रं तू आईला लिहायचास, पण काकीला वाचता येत नसल्यामुळे ती वाचून दाखवायचं काम माझं. शाळा सुटली की मी वहाणा काढून तुमच्या ओटीवर बसायचो, तुझी बायको मंजुळा आतल्या दाराशी उभी राहायची, आणि काकी आधी एकच विचारायची, बरो आसा मां. पत्र लांबलचक असलं तरी त्या एका प्रश्नाचं उत्तर पहिल्या ओळीत मिळून जायचं. बाकीचं पत्र दुर्वालबद्दल असायचं.

कलकत्त्याहून तागाची पोती घेऊन तुमची बोट दक्षिण अमेरिकेला गेली होती आणि रिओच्या बंदरात धक्का मिळेना म्हणून दोन आठवडे अडकली होती. त्या दोन आठवड्यांत एका रविवारी तू मॅच बघायला गेलास आणि तुला तो दिसला. तू लिहिलं होतंस की इतर एकवीस जण धावतात आणि हा एक चालतो. बॉल त्याच्याकडे यायच्या आधीच तो मान वळवून सगळं बघून ठेवतो, आणि बॉल आल्यावर बघतच नाही, नुसता देऊन टाकतो. लोक त्याला आळशी म्हणून शिव्या घालतात आणि पुढच्याच क्षणाला उठून उभे राहतात. मी ते वाचलं आणि मला हसू आलं, कारण आपल्या चौथीच्या मास्तरांनी तुझ्याबद्दल हेच लिहून ठेवलं होतं, फक्त उभं राहण्याचा भाग सोडून.

मी तुला उलट लिहिलं, की अरे, इतक्या लांब जाऊन बघायचा तर गोल मारणारा बघ. त्यांच्याकडे काय गोल मारणाऱ्यांची वानवा आहे? तू रजेवर आलास तेव्हा त्याचं उत्तर दिलंस. पुळणीवर बसलो होतो आपण.

"गोल मारणाऱ्याचा नाव पेपरात येता," तू म्हणालास. "तेका बॉल कोणी दिलो, ता कोण विचारणा नाय."

तेव्हा मला ते खेळाबद्दलचं बोलणं वाटलं. आता वाटतं, बोटीच्या पोटात माल रचणारा माणूस आणखी काय बोलणार होता.

तुझ्या बोटीला रिओचा फेरा पुन्हा दोनदा मिळाला आणि तीन वर्षांत तू त्याला पाच वेळा खेळताना पाहिलंस. त्याचं घर डोंगराच्या उतारावर, आई लोकांचे कपडे धुणारी, बाप गोदीत हमाल. सतराव्या वर्षी मोठ्या क्लबात गेला. हे सगळं तू धक्क्यावरच्या हमालांकडून गोळा केलंस, त्यांच्या भाषेत, पोर्तुगीजमध्ये. चावी, साबण, जनेल, मेज, बालदी एवढे शब्द तुझे आणि त्यांचे सारखे निघाले आणि तेवढ्या भांडवलावर तू त्याचं सगळं कूळ काढलंस, असा तुझा दावा. खिडकी आणि बालदी एवढ्यावर माणसाच्या आईची चौकशी कशी करतात, हे मी तुला शेवटपर्यंत विचारत राहिलो. तू हसायचास फक्त.

काकीला मात्र त्याची आई पटली. बॉल, हाफ, क्लब यातलं तिला काही कळत नव्हतं, पण दुसऱ्यांचे कपडे धुणारी बाई आणि बाहेर असलेला मुलगा एवढं तिला पुरेसं होतं. पत्र वाचून झालं की विचारायची, त्या बाईचं कसं काय चाललंय, तिला सून आली का. मी वैतागून म्हणायचो, काकी, ते लिहिलेलं नाही. ती म्हणायची, मग बाबीला लिहून विचार. आणि मी, भूगोलाचा मास्तर, विचारायचो.

मग तो इटलीला गेला. उत्तरेकडच्या कुठल्याशा क्लबाने त्याला विकत घेतला, असं तू लिहिलंस आणि मी ते तसंच वाचलं. काकीने पुढ्यातली विळी बाजूला सारली.

"माणसाक इकतत?" तिने विचारलं.

तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते संपलेलं नाही. माझं म्हणणं होतं की त्याने जायला नको होतं. घरच्या मातीत, घरच्या माणसांत जो खेळ उमलतो तो परक्या थंडीत काय उमलणार. तुझं म्हणणं, की मातीबद्दल फार प्रेम असतं ते पगार लागलेल्या माणसाला. पुढच्याच वर्षी त्याच्या देशाचा संघ स्वीडनमध्ये जगज्जेता झाला. मुंबईचा पेपर दोन दिवसांनी आला, मी बातमी वाचून काढली, कुठेही दुर्वाल नव्हता. बाहेर खेळायला गेलेल्यांना तेव्हा देशाच्या संघात सहसा घेत नसत. मला आनंद झाला, बाबी. लाज वाटते लिहायला, पण झाला. मी त्याच संध्याकाळी तुला चार पानं लिहिली, बघ मी काय म्हणत होतो म्हणून. तीन महिन्यांनी तुझं उत्तर आलं, एका ओळीचं. घरी बसून उपाशी राहणाऱ्यांची नावं कुठल्या यादीत छापतात ते कळव, मी तिथे दुर्वालला शोधतो.

 

इटलीतल्या जिनोआच्या बंदरात तू त्याला भेटलास, हेही त्याच काळातलं. ब्राझीलची बोट धक्क्याला लागली की तो आपल्या गावाहून गाडीने यायचा. बोटीवरचा भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी, त्याच्यासाठी काळ्या, शेंगदाण्याएवढ्या बियांची कसलीशी उसळ शिजवायचा. तो डेकवर बसून ती खायचा आणि एक पिशवी घरी न्यायचा. मुंबईच्या आपल्या माणसांना सोलं आणि कुळथाचं पीठ पाठवतो तसंच ते, असं तू लिहिलंस. शेजारच्या बोटीवरून तू बोलावल्याशिवाय तिथे गेलास आणि त्याच्यासमोर बसून तीच उसळ खाल्लीस. त्याने विचारलं, तू कुठला. आणि तू म्हणालास, गोव्याचा.

त्यावरून आपण जे भांडलो ते साऱ्या वाडीने ऐकलं. गोव्याच्या हद्दीवर आपल्या माणसांनी गोळ्या खाल्ल्या होत्या, तिथे अजून पोर्तुगीज बसला होता, आणि हा माझा मित्र परमुलखात जाऊन स्वतःला त्यांचा म्हणवून घेतो. मी तुला काय काय बोललो ते आठवलं की अंगावर काटा येतो. तू एवढंच म्हणालास, "मालवण म्हटलंय तर तेका काय कळतला?" आणि मग थोड्या वेळाने सांगितलंस की गोवा म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, आपल्या बोलीचं कोणीतरी भेटलं. त्या थंडीत त्याला तेवढं मिळालं तर मिळू दे की. मी ऐकून घेतलं नाही. आता हद्द गेली, पोर्तुगीज गेला, तो वादही कोणाला सांगून कळणार नाही. पण तुझं बरोबर होतं आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. याच्यापुढे टाळाटाळ नको.

तुझं ते एक पत्र आलं, दुर्वालच्या गुडघ्याचं. इटलीतल्या चिखलाच्या मैदानात त्याचा उजवा गुडघा फिरला होता. त्याच्या अंगावर एक माणूस सोडून ठेवायचे, तो त्याला वळू द्यायचा नाही, आणि क्लबवाले म्हणायचे, धाव. चालणाऱ्या माणसाला त्यांनी धावायला लावलं, असं तू लिहिलं होतंस. त्यानंतर चार महिने तुझं पत्र नाही. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत लिहिलं, उत्तर नाही. काकी जेवेना. शेवटी म्हणाली, देवळात गाऱ्हाणं घालूया.

मी या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. पण काकीला एकटीला कसं पाठवू? एका सोमवारी मी, काकी, मंजुळा आणि वाडीतले दहा-बारा जण गेलो. देवळाच्या पायऱ्या चढताना काकी थांबली. म्हणाली, त्या गुडघा मोडलेल्या पोराचंही नाव घ्यायचं. मी म्हटलं, काकी, तो ख्रिस्ती, त्यांचा देव वेगळा, त्यांचं गाव वेगळं. तिच्या डोळ्यांपुढे त्याची आई होती.

"तेची आवस इतक्या लांबसून नारळ ठेवूक खंय येतली?" ती म्हणाली. "आपणच ठेवूया."

देवापुढे गाऱ्हाणं बोलायचा मान असलेला म्हातारा गावकर थोडा कुरकुरला. नावही त्याच्या तोंडात बसेना. पण काकीपुढे कोणाचं काय चालणार? एकाच नारळावर दोन नावं घ्यायची ठरली. मग गावकराने नारळ हातात धरून विचारलं, मागायचं काय ते नीट सांगा, मोघम नको. काकी रडत होती. मंजुळा मान खाली घालून उभी. तेव्हा मी पुढे झालो. मास्तर ना मी, नेमक्या शब्दांत सांगायची सवय. मी जसं सांगितलं तसं गावकर बोलला.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरचो झील समुद्राच्या पलीकडे आसा, तेका घराक हाड. तेच्यावांगडा तो एक परमुलखातलो बॉल खेळणारो, तेकाय तेच्या घराक हाड. आणि एकदा इले काय परत भायर जावची पाळी तेंच्यार हाडू नको."

दहा-बारा जणांनी एका सुरात होय म्हाराजा म्हटलं. त्यात मीही होतो.

ते शेवटचं वाक्य काकीचं नव्हतं, बाबी. काकीला तू सुखरूप घरी हवा होतास, बस. पुन्हा बाहेर जायची पाळी आणू नको, हे माझं. त्यात दुर्वालला ओढलं तेही मीच, कदाचित आपलं भांडण देवासमोर तरी जिंकावं म्हणून. आणि तुला ओढलं ते, खरं सांगू, मला तू हवा होतास म्हणून. वर्षा-दोन वर्षांनी तीन आठवडे येणारा मित्र मला पुरत नव्हता. दर वेळी तू बोटीत चढलास की घरी येऊन मी दोन दिवस धड कोणाशी बोलत नसे. माझं मन रमेल असं इथे दुसरं कोणी नव्हतं. मित्र गावात राहावा एवढंच मागितलं मी, आणि ते पुरं झालं.

पत्र आलं पंधरा दिवसांत, दुसऱ्याच्या हातचं. कुठल्याशा बंदरात माल उतरवताना दोरखंडाचा फास सुटला, वरचा पेटारा आला तो तुझ्या कमरेवर आणि मांडीवर. तुला मुंबईच्या इस्पितळात ठेवलं होतं. पुढे मोजून पाहिलं, अपघात गाऱ्हाण्याच्या आधीचा की नंतरचा. पत्रात तारीख नव्हती. तुला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तू आलास तो दिवस मला विसरता येत नाही. आगबोट नेहमीसारखी लांब समुद्रात थांबली आणि माणसं पडावात, किनाऱ्याला नेणाऱ्या होड्यांत, उतरू लागली. मी आणि काकी तुला घ्यायला एका पडावात आलो होतो, तिथे तुला खुर्चीला बांधून दोरांनी खाली सोडलं. लाटेने पडाव वर यायचा आणि खुर्ची हवेत हेलकावायची, आणि तू दोन्ही हातांनी खुर्ची धरून आमच्याकडे बघून हसत होतास. काकी माझ्या दंडाला धरून म्हणाली, देवाने ऐकलं. मी तिचा हात सोडवला आणि खुर्ची धरायला उभा राहिलो.

दुर्वालही त्याच वर्षी घरी गेला. तुझ्या बोटीवरच्या आपल्या एका माणसाने रजेवर आल्यावर सांगितलं. इटलीवाल्यांनी त्याला सोडून दिलं, रिओतल्या जुन्या क्लबाने घेतलं नाही. कुठल्यातरी उपनगरातल्या लहान क्लबात वर्षभर खेळला, मग आतल्या एका गावात. अजून तसाच बॉल द्यायचा म्हणे, पण तो घ्यायला पुढे कोणी नसायचं. तू ते ऐकून घेतलंस. नंतर मला विचारलंस.

"आपा, तो परत कित्याक इलो असतलो रे?"

मी म्हटलं, गुडघा. गुडघा मोडल्यावर काय करणार. तू मान हलवलीस. तेव्हा सांगायला हवं होतं. समोर बसलो होतो आपण, तुझ्या ओटीवर, दुसरं कोणी नव्हतं. मी घड्याळ बघितलं आणि वह्या तपासायच्या आहेत म्हणून उठलो.

पुढची चार वर्षं तू इथेच होतास. लोकांना वाटतं ती वर्षं वाईट होती, आणि तुझ्यासाठी असतीलही, पण माझ्यासाठी ती फार चांगली होती. हे चोराने चोरीच्या जेवणाला गोड म्हणावं तसं आहे. रोज संध्याकाळी आपण पुळणीवर. तू पोरांना मधली जागा धरायला शिकवायचास आणि पोरं दोन मिनिटांत ती सोडून गोलाकडे धावायची. माझ्या वर्गात येऊन तू बंदरांबद्दल बोललास, तेव्हा कधी नव्हे तो सगळा वर्ग जागा होता. काकीच्या शेवटच्या आजारपणात तू लंगडत तिचं सगळं केलंस. ती समाधानाने गेली, मुलगा डोळ्यांसमोर म्हणून. ते गाऱ्हाणं तिला तरी लाभलं. तुझ्याकडे बघून मात्र मला कळायचं की तू इथे नाहीस. आगबोटीचा भोंगा झाला की तू बोलता बोलता थांबायचास.

मग तुझ्या जुन्या सारंगाचा, बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाचा, निरोप आला. लंगडा चालेल, भंडारी म्हणून ये, बसून करायचं काम आहे. मंजुळानेही हो म्हटलं. इथे बसून झुरण्यापेक्षा जाऊ दे, असं ती मला स्वतः म्हणाली. तू पेटी भरलीस. मी तुला पोचवायला आलो आणि बंदरावर, पडावात पाय टाकायच्या आधी, तुझी मांडीची जुनी जखम फुटली. रक्त आणि पू. बैलगाडीत घालून परत आणलं. तू म्हणालास, वाट सुटत नाही. मी म्हटलं, वाट कसली, डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. शहाणपण शिकवायची संधी मी सोडत नाही, ना?

जखम भरली. पुन्हा जायचं तुझ्या मनात होतं. आणि एक दिवस पुळणीवरून परतताना तू सहज म्हणालास, "आपा, एक दिवस माझ्यावांगडा देवळात येतलंस?"

कशाला, ते तू बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, जाण्यासाठी कौल घ्यायचा असेल. मला तू जायला नको होतास. म्हणून म्हटलं, येऊ की, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली. मग म्हटलं, निकाल लागू दे. मग पाऊस. तू तीनदा विचारलंस. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मी हे मानत नाही, तुला ठाऊक आहे, तू मंजुळाला घेऊन जा. तू म्हणालास, बरं. यंदा जखम पुन्हा वाहायला लागली ती थांबली नाही. विष अंगभर गेलं. दवाखान्यातली इंजेक्शनं, सावंतवाडीचा डॉक्टर, सगळं केलं. तुझ्या उशाशी बसून मी तुझ्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत होतो आणि त्याखेरीज माझ्या हातांना काही येत नव्हतं. तू दोनदा माझ्याकडे बघितलंस. वाटलं, काहीतरी विचारशील. तू पाणी मागितलंस.

तेराव्याला पानं उचलल्यावर गावकर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, बाबीने तुम्हाला देवळात यायला कधी सांगितलं नाही का. मी म्हटलं, सांगितलं होतं, जमलं नाही. तेव्हा त्याने सांगितलं. बंदरावरून परत आणलं त्याच आठवड्यात तू त्याच्याकडे गेला होतास. आपली वाट कोणी बांधली आहे का, विचारायला. म्हाताऱ्याने तुला सगळं सांगितलं, एक नारळ, दोन नावं, शेवटचं वाक्य. तू विचारलंस, सोडवता येईल का. तो म्हणाला, "जेणा घातल्यान तेणाच सोडूक व्हया." आणि ते घालणारा कोण, तेही सांगितलं.

"माका म्हणालो, आपाक सांगू नको," गावकर म्हणाला. "तेका वायट वाटतला."

म्हणजे तू सगळं जाणून माझ्याबरोबर पुळणीवर येत होतास, बाबी. सगळं जाणून तीनदा विचारलंस, आणि तीनदा मी परीक्षा, निकाल आणि पाऊस दाखवला. एक शिवी तरी घालायची होतीस. माझ्यावर ओरडायचं होतंस, त्या गोव्याच्या वेळी मी ओरडलो तसं. मी देव मानत नाही म्हणून सांगत फिरणारा माणूस, तुझ्यासाठी पायऱ्या चढून दोन शब्द बोललो असतो तर माझं काय गेलं असतं? तू कदाचित तरीही गेलाच असतास, जखम तर खरीच होती. पण तू मोकळा म्हणून गेला असतास. हे मला कोणी समजावू शकत नाही आणि मला ते समजून घ्यायचंही नाही.

काल सकाळी शाळेत चिठ्ठी पाठवून मी देवळात गेलो. गावकराला म्हटलं, सोडवायचं आहे. त्याने वाद घातला नाही. आता कोणासाठी, असंही विचारलं नाही. त्याने नारळ घेतला, आंघोळ करून आला आणि देवासमोर उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, काय सांगू देवाक?"

मागच्या वेळी मी एका दमात सांगितलं होतं. या वेळी एकेक शब्द जुळवावा लागला. शेवटी म्हटलं, जे बांधलं ते सोड म्हणा. दोघांना, जिथे जायचं तिथे जाऊ दे म्हणा. गावकराने डोळे मिटले, तुझं नाव घेतलं, आणि पुढे जायच्या आधी डोळे उघडून माझ्याकडे वळला. गेलेल्याचं सोडवायची रीत वेगळी आणि असलेल्याची वेगळी, असं तो म्हणाला.

"तो दुसरो. तो आसा मां अजून?"

मला माहीत नाही, बाबी. नारळ हातात धरून तो माझ्या उत्तरासाठी थांबून राहिला, आणि मी नेहमीच्या सवयीने तुला विचारायला मागे वळलो.